नाशिकहून जर्मनीला: एम.एस. आणि व्हीलचेअर घेऊन जाण्यापूर्वी

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझे वय ३६. नऊ वर्षांपूर्वी मल्टिपल स्क्लेरोसिस (एम.एस.) या मज्जातंतूंच्या आजाराचे निदान झाले आणि गेली दोन वर्षे मी पूर्ण वेळ व्हीलचेअरवर आहे. दर सहा महिन्यांनी रिटुक्सिमॅब या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाचे सलाईन घेते, शिवाय स्नायूंच्या ताठरपणासाठी बॅक्लोफेन चालू आहे. यजमानांना जर्मनीत श्टुटगार्टजवळ नोकरी मिळाली असून दोन महिन्यांत त्यांना रुजू व्हायचे आहे. मी बरोबर जावे अशी त्यांची इच्छा आहे. सासूबाई म्हणतात, 'तिथल्या थंडीत दुखणे वाढेल, आणि तिथे आपले आहे कोण?' आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. जाणे शहाणपणाचे आहे का, आणि जायचे असेल तर तयारी कोठून सुरू करावी?"

ताई, जावे असे माझे मत आहे. मात्र यजमानांबरोबर त्याच विमानाने नव्हे, तर ते तेथे स्थिरावल्यावर तीन-चार महिन्यांनी. गेली सत्तावीस वर्षे मी नाशिकमध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामे स्वतः करायला शिकवणारा) म्हणून काम करतो आणि मणक्याची दुखापत, पक्षाघात व एम.एस. असलेल्या काही जणांना परदेशी जाण्यासाठी तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. औषधांविषयी शेवटचा शब्द तुमच्या न्यूरॉलॉजिस्टचा राहील. खुर्ची, पलंग, संडास, विमान आणि घर यांविषयी मात्र अनुभवाने सांगता येण्याजोगे बरेच आहे.

सासूबाईंच्या दोन शंकांपैकी पहिली बरीचशी निराधार आहे. विषुववृत्तापासून दूरच्या देशांत एम.एस. अधिक आढळतो हे खरे. पण तो हिशोब आजार जडण्याच्या शक्यतेचा आहे, आणि बालपण कोठे गेले यावर तो बराच अवलंबून असतो. आजार असलेली प्रौढ व्यक्ती थंड प्रदेशात राहावयास गेली म्हणून तिचा आजार वेगाने वाढतो, असे मानण्यास आधार नाही. उलट एम.एस.च्या रुग्णाचे खरे वैर उष्णतेशी असते. शरीराचे तापमान अर्ध्या अंशाने वाढले तरी मायलिन हे आवरण झिजलेल्या मज्जातंतूंमधून जाणारे संदेश अडखळतात, दृष्टी धूसर होते आणि हातपाय गळून जातात. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म ऊटहोफ यांनी १८९० मध्ये हे वर्णन केले आणि आजही ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. नाशिकचा एप्रिल-मे तुम्ही नऊ वेळा काढला आहे, तेव्हा हे मी तुम्हाला शिकवण्याची गरज नाही. थंडीचा त्रास वेगळा: स्नायूंचा ताठरपणा वाढतो, पाय अधिक उडतात आणि सकाळी अंग मोकळे व्हायला वेळ लागतो. हा त्रास गरम कपडे, नियमित स्ट्रेचिंग आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने औषधाच्या वेळा बदलून आटोक्यात ठेवता येतो.

दुसरी शंका मात्र त्यांनी अगदी योग्य काढली आहे, फक्त तिचा अर्थ त्यांना वाटतो त्याहून अधिक ठोस आहे. तुमच्या नाशिकमधल्या एका दिवसात तुम्हाला किती जण हात लावतात, हे एकदा मोजून पाहा. सकाळी मावशी आणि सासूबाई मिळून पलंगावरून खुर्चीत बसवतात, बिल्डिंगच्या तीन पायऱ्या वॉचमन आणि शेजारचा मुलगा खुर्चीसकट उतरवतात, रिक्षावाले काका पाय आत घेतात, गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, गेलात तर घाटाच्या पायऱ्यांशी कोणी न सांगता चार अनोळखी हात पुढे येतात. आपल्या शहरात उंबरठे, पायऱ्या आणि फुटलेले फुटपाथ पावलोपावली आहेत. पण ते ओलांडून देणारी माणसेही तितकीच आहेत. जर्मनीत बहुतेक नव्या इमारती, बसगाड्या आणि फुटपाथ तुम्हाला स्वतःच्या चाकांवर जाऊ देतील. पण अनोळखी माणूस खुर्चीला हात लावण्यापूर्वी विचारेल, आणि उचलण्याची तर कल्पनाच त्याला भीतिदायक वाटेल. दिवसाचे नऊ-दहा तास यजमान कामावर असतील आणि घरात फक्त तुम्ही असाल. आज तुम्ही ज्या पद्धतीने जगत आहात ती पद्धत तेथे चालणार नाही, एवढाच याचा अर्थ.

म्हणून तयारीची सुरुवात व्हिसापासून नव्हे, संडासापासून करावी. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून कमोडवर आणि पुन्हा खुर्चीत, या तीन हालचाली तुम्हाला जास्तीत जास्त एका माणसाच्या हलक्या मदतीने आणि शक्य तर कोणाच्याही मदतीवाचून जमल्या पाहिजेत. तुमच्या हातांत आणि धडात किती ताकद उरली आहे हे तपासल्याशिवाय मी खात्री देणार नाही. पण पत्रात तुम्ही स्वतः जेवता, केस विंचरता आणि मोबाईलवर टाइप करता असे लिहिले आहे, त्यावरून शक्यता चांगली दिसते. आपल्याकडे घरची माणसे प्रेमापोटी काखेत हात घालून उचलतात. त्याने रुग्णाचे खांदे दुखावतात, उचलणाऱ्याची कंबर जाते आणि रुग्णाची उरलेली ताकद वापराविना संपत जाते. त्याऐवजी ट्रान्सफर बोर्ड वापरावा. तो विकत मिळतो, पण मी बहुतेकांना ओळखीच्या सुताराकडून करून घ्यायला सांगतो: साधारण ७० सेंटिमीटर लांब, २० ते २२ सेंटिमीटर रुंद, चांगल्या प्लायवूडचा, दोन्ही टोके खालून तासलेली आणि वर गुळगुळीत सनमायका. एक टोक मांडीखाली, दुसरे कमोडवर किंवा पलंगावर, आणि मग वजन हातांवर घेत थोडे थोडे सरकायचे. पहिले पंधरा दिवस रडू येते, हे आधीच सांगून ठेवतो. दोन महिन्यांनी माझ्याकडच्या बऱ्याच जणांना मावशीची वाट पाहण्याचा कंटाळा येऊ लागतो.

या सरावात एम.एस.चे एक वेगळेपण विसरू नये. मणक्याच्या दुखापतीचा रुग्ण जितका अधिक व्यायाम करील तितका तयार होतो, एम.एस.मध्ये थकव्याची एक रेषा असते आणि ती ओलांडली तर उरलेला दिवस हातचा जातो. सराव सकाळी थंड वेळेत, दहा-दहा मिनिटांच्या टप्प्यांत आणि मध्ये पूर्ण विश्रांती घेऊन करावा. सध्या उन्हाळा असेल तर आधी मानेवर ओला पंचा ठेवावा. कूलर कोरड्या हवेत चांगले काम करतो, पावसाळ्यातल्या दमट हवेत त्याचा उपयोग होत नाही.

लघवीचा प्रश्न तुम्ही पत्रात एका ओळीत उरकला आहे, पण परदेशातली रुग्णालयाची पहिली फेरी बहुधा त्यामुळेच घडते. एम.एस.मध्ये मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही, उरलेल्या लघवीत जंतुसंसर्ग होतो, ताप येतो, त्या तापाने सगळी जुनी लक्षणे उसळतात, आणि घरच्यांना वाटते की नवा अटॅक आला. खरा अटॅक म्हणजे नवे किंवा स्पष्टपणे वाढलेले लक्षण किमान चोवीस तास टिकणे, तेही ताप आणि संसर्ग नसताना. हा फरक यजमानांना पाठ असावा, कारण लघवीची तपासणी न करता स्टेरॉइड सुरू करणे धोक्याचे ठरते. जाण्यापूर्वी युरॉलॉजिस्टकडून लघवीनंतर मूत्राशयात किती शिल्लक राहते ते सोनोग्राफीत मोजून घ्यावे. ती जास्त असल्यास दिवसातून ठरावीक वेळा स्वतः स्वच्छ कॅथेटर घालून मूत्राशय रिकामे करण्याची पद्धत येथेच शिकून घ्यावी. परक्या भाषेत आणि परक्या नर्सकडून ती शिकणे फार संकोचाचे होते.

आता विम्याविषयी, कारण माझ्या माहितीतल्या दोन कुटुंबांचे गणित येथेच चुकता चुकता राहिले. जर्मनीत आरोग्यविम्याच्या दोन वाटा आहेत. सरकारी नियमांखालील क्रांकेनकासे ही संस्था नोकरदाराकडून पगाराच्या प्रमाणात वर्गणी घेते, आणि ज्या पत्नीला स्वतःचे उत्पन्न नाही किंवा अगदी थोडे आहे तिला जादा वर्गणी न घेता कुटुंब-विम्यात सामावून घेते. तेथे आधीचा आजार विचारून कोणाला नाकारता येत नाही. दुसरी वाट खाजगी विम्याची. ठरावीक मर्यादेपेक्षा पगार अधिक असलेल्यांना ती खुली असते. एजंट तरुण अभियंत्याला तिचे फायदे फार गोड शब्दांत सांगतात, आणि नवऱ्याचा हप्ता खरोखरच कमी दिसतो. पण खाजगी विम्यात प्रत्येक व्यक्तीची जोखीम स्वतंत्र मोजली जाते, आणि एम.एस. असलेल्या पत्नीला एकतर नकार मिळतो किंवा हप्ता आवाक्याबाहेर जातो. एकदा खाजगीत गेल्यावर परत येणे सोपे नसते. म्हणून यजमानांचा पगार कितीही असो, नोकरीच्या पहिल्या दिवसापासून त्यांनी क्रांकेनकासेच निवडावी आणि तुमचे नाव कुटुंब-विम्यात घेतले जाईल असे लेखी मिळवावे. व्हिसासाठी जी प्रवास-विम्याची पॉलिसी घेतली जाते तिच्यात आधीपासूनचा आजार सहसा वगळलेला असतो. ती केवळ कागदासाठी आहे असे समजावे.

त्याच्या जोडीला तेथे शुश्रूषा-विमा असतो. घरी मदत लागणाऱ्या व्यक्तीची पाहणी करून तिला १ ते ५ यांपैकी एक श्रेणी दिली जाते आणि त्यानुसार पैसे किंवा मदतनीस मिळतो. २०२५ पासून घरच्याच माणसाने शुश्रूषा केल्यास तिसऱ्या श्रेणीला दरमहा ५९९ युरो मिळतात, आणि स्नानगृह वगैरे बदलण्यासाठी ४,१८० युरोपर्यंत साहाय्य आहे. मात्र हे लाभ मिळण्यासाठी मागील दहा वर्षांत किमान दोन वर्षे तुम्ही तेथे विमाधारक असणे आवश्यक असते. म्हणजे पहिली दोन वर्षे मदतनिसाचा, घरातल्या बदलांचा आणि आणीबाणीच्या बटणाचा खर्च बहुतांशी तुमच्याच खिशातून होणार, हे धरूनच पगाराचा हिशोब मांडावा. औषधोपचार, फिजिओथेरपी आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीने मिळणारी व्हीलचेअर यांना ही दोन वर्षांची अट नाही, कारण ती साधने आरोग्यविम्यातून मिळतात. खुर्चीसाठी रुग्णाचा वाटा फार तर १० युरो असतो, खुर्ची मात्र बहुधा विमा संस्थेच्याच मालकीची राहते. म्हणून पत्रात विचारल्याप्रमाणे येथे घाईने दीड-दोन लाखांची इलेक्ट्रिक खुर्ची घेऊ नका. तुमच्या मापाची हलकी, घडीची खुर्ची न्या आणि इलेक्ट्रिक खुर्ची तेथे तपासणी करून घ्या.

एक छोटी गोष्ट. आपल्याकडे खुर्ची पंक्चर झाली की सायकलच्या दुकानात नेण्याची पद्धत आहे, आणि तिथले काका ट्यूब काढून काम भागवूनही देतात. पण खुर्चीचे चोवीस इंची टायर आणि सायकलचे चोवीस इंची टायर यांच्या रिमचा व्यास वेगळा असतो, त्यामुळे सायकलचा टायर बसत नाही. दोन टायर, दोन ट्यूब आणि पुढच्या लहान चाकांचा एक जोड सामानात ठेवा.

औषधाच्या बाबतीत तारखांची जुळवाजुळव महत्त्वाची आहे. जर्मनीत एम.एस.साठी रिटुक्सिमॅबला अधिकृत मान्यता नाही. त्याच गटातील ऑक्रेलिझुमॅबला युरोपात २०१८ मध्ये मान्यता मिळाली आणि तेही सहा महिन्यांनी दिले जाते. तेथील न्यूरॉलॉजिस्ट औषध बदलण्याचा विचार करतील आणि त्यासाठी त्यांना तुमचा सगळा इतिहास लागेल. स्पेशालिस्ट डॉक्टरांची वेळ मिळण्यास तेथे काही महिने जाऊ शकतात. म्हणून येथील सलाईन घेतल्यानंतर तीन-चार आठवड्यांनी, थकवा उतरल्यावर प्रवास करावा. म्हणजे पुढच्या डोसपर्यंत जवळजवळ पाच महिने हाताशी राहतात. यजमानांनी तुम्ही पोहोचण्यापूर्वीच फॅमिली डॉक्टर आणि न्यूरॉलॉजिस्ट दोघांकडे नाव नोंदवून ठेवावे.

फाइलमध्ये निदानापासूनचा संक्षिप्त इंग्रजी अहवाल, प्रत्येक एम.आर.आय.ची सीडी, हिपॅटायटिस बी आणि क्षयाच्या तपासण्या, इम्युनोग्लोब्युलिनची पातळी आणि लसीकरणाची यादी असावी. केवळ रिपोर्टचा कागद पुरत नाही, कारण तेथील डॉक्टर जुन्या आणि नव्या प्रतिमा शेजारी ठेवून पाहतात. औषधांची नावे ब्रँडची नव्हे, मूळ रसायनाची लिहून घ्यावीत. आपल्या केमिस्टच्या तोंडी असलेले नाव तेथे कोणाला कळणार नाही. बॅक्लोफेन तीन महिन्यांचे न्यावे आणि त्यातले दहा दिवसांचे हातातल्या पिशवीत ठेवावे. सामान हरवले म्हणून ते एकाएकी बंद झाले, तर ताठरपणा उसळतो आणि कधी झटके किंवा भास होण्यापर्यंत प्रकरण जाते. लसी कोणत्या आणि केव्हा घ्यायच्या हे सलाईनच्या आधी डॉक्टरांशी ठरवा. रिटुक्सिमॅबवर असताना जिवंत जंतूंच्या लसी चालत नाहीत.

घर शोधण्याचे काम हेच यजमानांनी आधी जाण्याचे मुख्य कारण. जाहिरातीत "बारिअरेफ्राय" म्हणजे अडथळाविरहित असे लिहिलेले असते, पण तुम्हाला हवे आहे ते "रोलश्टूलगेरेश्ट", म्हणजे व्हीलचेअरला योग्य. तेथील मानकानुसार पहिल्या प्रकारात वळण्यासाठी १२० बाय १२० सेंटिमीटर जागा पुरते, दुसऱ्यात १५० बाय १५० लागते; दारेही आतपर्यंत ९० सेंटिमीटर मोकळी असावी लागतात. हा तीस सेंटिमीटरचा फरक म्हणजे स्नानगृहात खुर्ची फिरवता येणे किंवा उलटी ढकलत बाहेर काढावी लागणे. काही जुन्या इमारतींत लिफ्ट असते, पण ती दोन मजल्यांच्या मध्ये जिन्याच्या चौकावर थांबते. तळमजला म्हणून दाखवलेला फ्लॅट पाच-सहा पायऱ्या चढून असतो आणि त्याला "होखपार्टेरे" असे भारदस्त नाव असते. यजमानांनी रस्त्यापासून कमोडपर्यंत सलग, न थांबवता व्हिडिओ काढावा आणि वाटेतले प्रत्येक दार, उंबरठा व वळण टेपने मोजावे. भाडेकरूला अपंगत्वासाठी आवश्यक बदल करण्याची परवानगी मागण्याचा हक्क तेथील कायद्यात डिसेंबर २०२० पासून अधिक स्पष्ट झाला आहे; मात्र खर्च भाडेकरूचा, आणि घर सोडताना बहुधा पूर्ववत करून द्यावे लागते. योग्य घर मिळायला चार महिने लागले तरी थांबावे. चुकीच्या घरात गेलेली व्यक्ती पहिल्या हिवाळ्यात खिडकीशी बसून राहते, आणि एम.एस.मध्ये उदासीनता तशीही वारंवार येते. काळोख्या नोव्हेंबरला निमंत्रण देऊ नये.

प्रवासाबद्दल बोलताना माझी स्वतःची चूक आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी एका तरुणाला मी सगळे शिकवले, पण खुर्चीतली हवेची गादी विमानात कोठे ठेवायची हे सांगायचे राहिले. विमान कंपनीच्या माणसाने ती खुर्चीबरोबर सामानात टाकली, तो नऊ तास साध्या आसनावर बसला आणि उतरला तो बेडसोअर घेऊन. जखम भरायला साडेतीन महिने लागले आणि तेवढा काळ त्याला पालथे झोपावे लागले. तेव्हा गादी विमानातल्या स्वतःच्या आसनावर ठेवून तिच्यावरच बसा, कोणालाही देऊ नका. दर अर्ध्या तासाने पुढे व बाजूला झुकून मिनिटभर बैठकीवरचा दाब काढा, आणि यजमान नसतील तर सोबतच्या व्यक्तीला घड्याळाचा गजर लावायला सांगा.

मुंबईहून फ्रांकफुर्ट किंवा म्युनिकला थेट विमान घ्यावे. आखातात विमान बदलले तर तिकीट स्वस्त पडते, पण अरुंद खुर्चीवरून आसनावर आणि परत असे चार वेळा हलवले जावे लागते, आणि प्रत्येक वेळी खुर्ची मोडण्याचा संभव वाढतो. नाशिक सोडल्यापासून तेथील पलंगावर पाठ टेकेपर्यंत सतरा-अठरा तास सहज होतात. म्हणून आदल्या दिवशी मुंबईला पोहोचून रात्री आडवे व्हावे, समृद्धी महामार्गाने प्रवास कितीही सोपा झाला असला तरी. तिकीट काढतानाच, आणि काही राहिले असल्यास किमान ४८ तास आधी, कंपनीला कळवावे की तुम्हाला चालता येत नाही आणि आसनापर्यंत न्यावे लागेल. या गरजेसाठी डब्ल्यू-सी-एच-सी असा संकेत आहे. काउंटरवरचा कर्मचारी बऱ्याचदा डब्ल्यू-सी-एच-आर लिहितो, जो जिने चढू शकणाऱ्या पण लांब चालू न शकणाऱ्या प्रवाशासाठी असतो. तिकिटावरचे हे शेवटचे अक्षर स्वतः तपासा. विमानातली छोटी चाकाची खुर्ची आहे का, हेही तेव्हाच विचारा, नाहीतर संडासापर्यंत जाता येणार नाही. पाणी पिणे बंद करून प्रवास करणाऱ्यांना मी नेहमी रागावतो. दोन दिवसांनी संसर्ग होतो तो त्यामुळेच.

खुर्चीचे भाडे लागत नाही. पण मोडल्यास भरपाईची मर्यादा सामानाइतकीच आहे. माँट्रियल करारानुसार ती २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एस.डी.आर. (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशोबी एकक), म्हणजे अदमासे पावणेदोन-दोन लाख रुपये आहे. खुर्ची त्याहून महाग असेल तर चेक-इनच्या वेळी तिचे मूल्य जाहीर करता येते. देण्यापूर्वी चारही बाजूंनी फोटो काढा, निघणारे भाग काढून हातात ठेवा, आणि खुर्ची कशी घडी करायची हे इंग्रजीत छापून पाठीवर चिकटवा.

पोहोचल्यावर करायच्या कामांपैकी एक लगेच करावे: अपंगत्वाच्या ओळखपत्राचा अर्ज. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत एम.एस.चा समावेश आहे आणि तुमच्याकडे यू.डी.आय.डी. कार्डही (दिव्यांगांचे देशव्यापी ओळखपत्र) असेल, पण तेथे त्याचा उपयोग नाही. तेथे अपंगत्व अंशांत मोजतात, ५० अंशांपासून ओळखपत्र मिळते, आणि त्यावरच्या अक्षरांवरून पार्किंग, स्थानिक बस-रेल्वे व सोबतच्या माणसाचा प्रवास ठरतो. यू.डी.आय.डी. मात्र येथे अद्ययावत करून ठेवाच. परत येण्याचा दिवस कोणी सांगावा? त्याच कारणासाठी येथील आरोग्यविमा बंद करू नका. नव्याने घेतल्यास आधीच्या आजारासाठी ३६ महिन्यांपर्यंत वाट पाहावी लागू शकते.

इतर देशांविषयी विचारणाऱ्यांसाठी दोन शब्द: प्रत्येक देशाचे दार वेगळे आहे. कॅनडात आरोग्यसेवेवरील अपेक्षित खर्च अधिक असल्यास अर्ज नाकारता येतो, परंतु तेथील नागरिकाने किंवा कायम रहिवाशाने बोलावलेल्या पती-पत्नीला ती अट लागू नाही. ऑस्ट्रेलियातही खर्चाची मर्यादा आहे आणि ती गंभीरपणे तपासली जाते. ब्रिटनमध्ये एम.एस.मुळे व्हिसा अडत नाही. आरोग्य-अधिभार मात्र प्रौढ व्यक्तीमागे वर्षाला १,०३५ पौंड आहे आणि बहुतेक व्हिसांवर अपंगत्वाचे भत्ते मिळत नाहीत.

भाषेबद्दल तुम्हाला धास्ती दिसते. यजमानांकडे ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांसाठीचा निवास परवाना) असेल तर पत्नीला व्हिसासाठी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही, आणि आजारपणामुळे परीक्षा देणे अशक्य असेल तरीही सूट आहे. तरी शिकाच, पण पुस्तकातल्या क्रमाने नको. आधी "हाल्ट" (थांबा), "लांगझाम" (हळू), "लिंक्स" (डावीकडे), "रेश्ट्स" (उजवीकडे) आणि "बिट्टे निश्ट शीबेन", म्हणजे "कृपया ढकलू नका", हे तोंडात बसवा. ज्या व्यक्तीला आपली खुर्ची स्वतःच्या शब्दांनी थांबवता येते ती अर्धी लढाई जिंकते. सासूबाईंनी विचारलेल्या "आपले कोण" याचे उत्तरही थोडेफार आहे: जर्मनीतील मोठ्या शहरांत महाराष्ट्र मंडळे आहेत, आणि तेथील एम.एस. संघटनेच्या स्थानिक गटांत व्हीलचेअर वापरणाऱ्या बायका भेटतील, ज्यांच्याकडून कोणता फुटपाथ चढता येतो हे कळेल. मंडळाचा गणेशोत्सव जिन्याखालच्या हॉलमध्ये भरत असेल, तर आधी फोन करून विचारा. संकोच करू नका.

घरी येणे नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच ठेवा. मे महिन्यातले लग्न कितीही जवळच्याचे असले तरी नको, आणि २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाची स्नाने असताना नाशिकमध्ये तुमची गाडी घरापर्यंत पोहोचणेही कठीण होईल. एका वेळी सहा महिन्यांहून अधिक काळ जर्मनीबाहेर राहिल्यास सामान्य निवास परवाना संपतो. ब्लू कार्ड कुटुंबाला ही मुदत बारा महिन्यांची आहे. आणि सुट्टीवर आल्यावर सगळ्यांनी प्रेमाने पुन्हा उचलायला सुरुवात केली, तर बोर्ड पुढे करा. तीन आठवडे उचलून घेतलेली व्यक्ती परत गेल्यावर पहिल्याच रात्री कमोडशेजारी पडल्याचे मी पाहिले आहे.

पुढच्या आठवड्यात सासूबाईंना आणि मावशींना बरोबर घेऊन सकाळी नऊच्या आत क्लिनिकमध्ये या. खुर्चीच्या बैठकीची उंची, तुमच्या पलंगाची उंची आणि घरातल्या कमोडची उंची, तिन्ही जमिनीपासून सेंटिमीटरमध्ये मोजून आणा. बोर्ड किती लांब करायचा आणि गादी किती जाड हवी हे त्यावरून ठरवू. यजमानांकडून तेथील घराचा व्हिडिओ मिळाला की स्नानगृहाचे माप मला कळवा, म्हणजे त्या आकाराची चौकट आपण येथेच जमिनीवर खडूने आखून तिच्यात सराव करू.